वरच्या मजल्यावरचा पाहुणा

"आमच्याकडे असं नसतं."

हे म्हणताना सर चष्मा नाकावरून जरा खाली ओढायचे आणि काचांच्या वरून समोरच्याकडे बघायचे. समोर रिक्षावाला असो, भाजीवाली असो, नाहीतर आपल्या सवडीने उगवणारा टँकरवाला असो. टँकरवाला बिचारा पाइप खांद्यावर घेऊन विचारायचा, "मंग तुमच्याकडं कसं असतंय, सर?" सर सविस्तर सांगायचे. तोवर टाकी भरून वाहायला लागायची.

आता हे 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हालाही पडायचा. माणूस जन्मला या गावात, शिकला या गावात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत बरोब्बर माझ्या डोक्यावर त्यांचा फ्लॅट. पण त्यांचं 'आमच्याकडे' दर दोन-तीन वर्षांनी मुक्काम हलवायचं. कधी मस्कत. कधी चीनमधलं एक शहर, ज्याचं नाव ते आम्हाला तीनतीनदा म्हणून दाखवायचे आणि तीनही वेळा ते वेगळंच ऐकू यायचं. मग जॉर्जिया. मी एकदा विचारलं, "सर, तिकडे गेल्यावर तुम्ही औरंगाबादबद्दलही असंच सांगता का हो?" सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला रिटायरमेंट मानवली नाही." म्हणजे सांगत असणार.

गेल्या वर्षी सर गेले. या वेळी खरेच गेले. हे असं फोड करून सांगावं लागतं, कारण 'सर गेले' हे आमच्या इमारतीत इतक्यांदा बोललं गेलंय की त्या दिवशी सुरुवातीला कुणी दचकलंच नाही. वॉचमननं तर मला विचारलं, "आता कोणत्या देशात?" मी त्याच्यावर ओरडले आणि मग घरात येऊन दार लावून घेतलं.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, ते इंग्रजी. संस्थेचे अध्यक्ष सरांना दर वर्षी शब्द द्यायचे की पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करतो. अध्यक्ष शब्दाचे पक्के. दर वर्षी अगदी तोच शब्द द्यायचे. शेवटी सरांनी पेपरात एक जाहिरात पाहिली, मुंबईला जाऊन मुलाखत दिली आणि मस्कतच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला निघून गेले. ज्या संस्थेला त्यांना कायम करणं जमलं नव्हतं, तिला त्यांचा सत्कार करणं मात्र छान जमलं. आणि तोही एकदा करून थांबतील तर शपथ. सर सुट्टीवर आले की शाल, नारळ आणि 'आमच्या संस्थेनं घडवलेला आंतरराष्ट्रीय शिक्षक' हे भाषण. सर हात जोडून ऐकायचे. वरती त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या भाभींकडे, एवढ्या शाली साठल्या की त्यांनी दोन-दोन शिवून गोधड्या केल्या.

परदेशातून येणाऱ्यानं काय आणावं, याचे आपल्याकडे नियम ठरलेले आहेत. खजूर, अत्तर, डोकेदुखीचा बाम, आणि जवळच्यांना मोबाइल. सर मस्कतहून पहिल्यांदा आले तेव्हा सगळी इमारत दारं किलकिली करून बसली होती. सरांनी काय आणलं असेल? खडू. रंगीत नव्हे, साधे पांढरे खडू. माझ्या हातात एक खोका ठेवून म्हणाले, "बाई, फळ्यावर ओढून बघा. आवाज येत नाही." मी कौतुकानं ओढून बघितला. नव्हता येत. पुढच्या खेपेला चिनी खडू, ज्याची भुकटी हाताला लागत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी मोठ्या मनानं विचारलं, "आमच्यासाठी काही?" तर त्यांनाही खडू. त्या बाईंनी ते मुंग्यांच्या रांगेवर ओढून संपवले. मी माझे जपून ठेवले आहेत. शिकवणाऱ्याला शिकवणाऱ्यानं दिलेली भेट आहे. मुंग्यांना काय कळणार.

शिकवण्याची त्यांची पद्धत अशी की वर्गात मुलांच्या भाषेतला एक शब्द बोलायचा नाही. सगळं करून दाखवायचं. झोप शिकवायची तर टेबलावर आडवं व्हायचं, पाऊस शिकवायचा तर पुस्तक डोक्यावर धरून वर्गभर पळायचं. सुट्टीत आमच्या दिवाणखान्यात त्यांनी एकदा 'राग' कसा शिकवतो ते दाखवलं. डोळे लाल, मुठी आवळलेल्या, टेबलावर असा गुद्दा की माझी कपबशी उडाली. सांगत होते, चीनमध्ये हे केलं तेव्हा शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले होते. मी भाभींकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत होत्या, पण जरा चकित होऊन. मागाहून ओट्याशी मला म्हणाल्या, "बाई, यांना राग येतो हे मला आजच कळलं. माझ्यावर कधी काढला नाय."

भाभी मूळच्या बिडकीनच्या. तिथं त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. माझ्याशी मराठवाडी मराठी, घरात दखनी, आणि प्लंबरशी बोलताना दोन्हींची सरमिसळ. सर निघताना दर वेळी म्हणायचे, "एवढं एकच कॉन्ट्रॅक्ट. मग कायमचा येतो." भाभी मान डोलवायच्या. ते एक-एक कॉन्ट्रॅक्ट करत मुलीची शाळा झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, ती पुण्याला गेली. सासऱ्यांचं आजारपण आणि शेवट भाभींनी एकटीनं काढला. सर तिसऱ्या दिवशी पोचले. गच्चीची गळती, मोटार जळणं, सोसायटीतल्या पुरुषांच्या मिशा सांभाळणं, सगळं त्यांच्याच अंगावर. आणि आम्ही शेजारी त्यांना काय म्हणायचो? "भाभी, तुमचं बरंय हो. डॉलर येतात." डॉलर कसले, रियाल यायचे, पण हेवा करायचा म्हटलं की चलन कोण बघतो.

तर असे हे सर साठी उलटल्यावर खरंच कायमचे आले. संस्थेनं सत्कार केला. अध्यक्ष बदलले होते, भाषण तेच होतं.

आणि इथून पुढे गंमत सुरू झाली. तुम्हाला वाटेल, इतक्या वर्षांनी घरधनी घरी आला, आता काय, सुखच सुख. पहिल्या आठवड्यातच भाभी भरल्या डोळ्यांनी खाली आल्या. मला वाटलं, भांडण झालं. म्हणाल्या, "भांडण कुठलं, बाई? चहा दिला की शुक्रिया म्हणतात. दर टायमाला. भाजीत मीठ नव्हतं काल, मी मुद्दाम घातलं नाय. सगळी खाल्ली अन् म्हणाले, बहुत उम्दा." मी हसले. पण त्यांना हसू येत नव्हतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. रिकामटेकड्या मास्तरीणबाईला याहून चांगला उद्योग कुठला? माणूस सोफ्याच्या कडेला बसायचा, जसं काही आता उठायचंच आहे. सकाळी उठला की चादरीची घडी करून उशीवर ठेवायचा. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचा, "उघडू का?" स्वतःच्या घराच्या स्विचबोर्डपुढे उभा राहून विचार करायचा, पंख्याचं बटण कुठलं, आणि चुकीचा दिवा लागला की कसनुसा होऊन बंद करायचा. रिमोटला तर हातच लावत नव्हता. भाभी ज्या मालिका लावतील त्या बघायचा, आणि मालिका संपली की वर म्हणायचा, "छान होती." त्या मालिका मीही बघते. छान नसतात.

मी सरांना स्पष्टच विचारलं. ते माझ्या दारात उभे होते, वर्तमानपत्र परत द्यायला आलेले. म्हणाले, "बाई, एवढी वर्षं दुसऱ्याच्या खोलीत काढली. जाताना खोली जशी घेतली तशी परत द्यायची. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. सवय लागते हो. आणि हे घर तिनं उभं केलंय, मी काय, पैसे पाठवले. आता मी मध्येच येऊन म्हणू, की पडदे मला आवडले नाहीत?" मी विचारलं, "नाही आवडले का?" त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "भयानक आहेत."

हे वाक्य वर जाऊन भाभींना म्हणाले असते, तर त्या बाईनं मोहल्ल्यात पेढे वाटले असते. तिला तेवढंच हवं होतं. या माणसानं एकदा कपाळाला आठी घालावी, जेवणाला नाव ठेवावं, 'माझा टॉवेल कुठं आहे' म्हणून घर डोक्यावर घ्यावं, म्हणजे हा आपल्या घरात राहायला आलाय असं तिला वाटलं असतं. मला एकदा म्हणाल्या, "पाव्हणा असला तर चार दिवसांत जातो, आपण सुटतो. हे जातबी नाहीत अन् राहतबी नाहीत. मी कुणाची वाट बघत होते, बाई, इतके दिवस?" मी चहा टाकला.

अशात सरांना बोलावणं आलं. समरकंदला एक नवीन कॉलेज निघालं होतं, तिथं इंग्रजी शिकवायचं. त्यांनी मला सांगितलं ते असं, की तिला माझी अडचण होते, बाई. तिची सगळी घडी बसलेली आहे, मी आलो आणि ती दिवसभर अवघडून वावरते, सारखी खाली तुमच्याकडे येऊन बसते. मी गेलेलंच तिला बरं वाटेल. भाभींनी मला सांगितलं ते असं, की यांचा जीव इथं रमत नाय. कोंडून घातल्यासारखे बसतात. जायचं म्हणत असतील तर मी आडवी येणार नाय, कधी आले नाय.

आता मी काही मुखदुर्बळ बाई नाही. मी वर गेले आणि सरांना तोंडावर सांगितलं की भाभींना तुम्ही इथंच हवे आहात. सर समजूतदारपणे हसले. म्हणाले, "बाई, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. ती तुमच्याकडे चांगलंच बोलणार." मग भाभींना ओट्याशी गाठून सांगितलं की सरांना जायचं नाहीये, तुम्ही राहा म्हणा. भाभी म्हणाल्या, "तसं असतं तर मला इचारलं असतं ना त्यांनी, राहू का म्हणून." म्हणजे जगभर फिरून हजारो पोरांना बोलायला शिकवणारा हा माणूस आणि सगळ्या सोसायटीला बोलण्यात गुंडाळणारी ही बाई, दोघं एका छपराखाली बसून एकमेकांना आदरानं मारत होते. मी हात टेकले. सरांनी तिकीट काढलं.

निघायचा दिवस उजाडला. विमान सकाळचं, चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबई आणि तिथून पुढे. सोडायला मीच जाणार होते, माझ्या जुन्या गाडीतून. सगळी इमारत खाली जमली. निरोप द्यायला आपली माणसं फार तत्पर असतात. टँकर आला की यातला एक जण पाइप धरायला येत नाही.

सर-भाभींच्यात एक रिवाज आहे. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या उजव्या दंडाला इमामजामिन बांधतात. हिरव्या कापडाच्या पट्टीत एक नाणं गुंडाळलेलं असतं. माणूस सुखरूप पोचला की ते नाणं गरिबाला द्यायचं. इतक्या वर्षांत सर कितीदा गेले, पण भाभींनी तो बांधल्याशिवाय गाडीचं दार लागलं नाही. सर स्वतःला मोठे आधुनिक समजायचे. हे सगळं तुझ्या समाधानासाठी हं, असं म्हणत बाही वर करायचे आणि लोकांकडे बघून डोळे मिचकावायचे.

त्या दिवशीही त्यांनी गाडीपाशी उभं राहून बाही वर केली आणि हात पुढे धरला. भाभी समोर उभ्या होत्या. हात पदराखाली. सर वाट बघत राहिले. भाभी म्हणाल्या, "संभालके जाव." आणि वळून जिना चढायला लागल्या.

सर तसेच उभे. मग बाही खाली घेतली, बटण लावलं आणि गाडीत बसले. कुणी काही बोललं नाही. आमच्या इमारतीच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

जालना रोड लागला. एरवी प्रत्येक सिग्नलला 'आमच्याकडे' सुरू व्हायचं. त्या दिवशी मी मध्येच बघितलं, तर डाव्या हातानं उजवा दंड चाचपत होते. विमानतळाशी मी गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "विसरली असेल का हो?"

"कोण, भाभी?" मी म्हटलं. "टाकीचं झाकण मागच्या वर्षी कुणी उघडं ठेवलं, ते त्यांना अजून आठवतं."

"मग?"

"मला काय विचारता, सर? मी तुमच्याशी लग्न केलंय का?"

मागून हॉर्न वाजायला लागले. ते ऐकूनही सर हलेनात. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. आधी पोरका झाल्यासारखा, आणि मग हळूहळू लाल. हा वर्गात करून दाखवायचा राग नव्हता. "गाडी वळवा," ते म्हणाले. मी म्हटलं, विमान? म्हणाले, "बाई, गाडी वळवा." मी अशी वळवली की पोलिसानं शिट्टी मारली.

इमारतीत अजून लोक खालीच गप्पा मारत उभे होते. सर कुणाकडे न बघता बुटांसकट धाडधाड जिना चढले. मी त्यांच्या मागे अर्ध्या जिन्यापर्यंत गेले आणि थांबले. पुढे जायचा अधिकार नव्हता, आणि तिथून ऐकूही नीट येत होतं.

"इमामजामिन क्यूं नै बांधे?" सरांचा आवाज एवढा मोठा होता की वरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

भाभींचा आवाज आला, अगदी शांत. "वो जानेवाले को बांधते. मैं काय कू बांधूं? मेरेको भेजनाच नै था."

"तो बोलना था ना!"

"तुम कभी पूछे क्या?"

मग भाभींचा बांध फुटला. सासऱ्यांच्या शेवटच्या रात्रीपासून मुलीच्या पाठवणीपर्यंत, मोटार जळाल्यापासून चहाच्या शुक्रियापर्यंत, सगळं बाहेर आलं. मला वाटलं सर आता माफी मागतील, ती त्यांची खोडच. पण नाही. सरही सुरू झाले. पडदे भयानक आहेत. सोफा टोचतो. भात रोज गिच्च होतो. त्या मालिका बघून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. आणि मला या घरात कुणी एकदा तरी म्हटलं का, की राहा? भाभी उलट ओरडल्या की तुमच्याच घरात तुम्हाला काय आमंत्रण पाठवू? मग दोघं एकदम बोलायला लागले, त्यामुळे पुढचं मला नीट लागलं नाही.

शेजारची दारं उघडायला लागली होती. समोरच्या वहिनी डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "अहो, थांबवा ना कुणीतरी." मी त्यांना सांगितलं, आत जा आणि दार लावा, खबरदार कुणी थांबवलं तर. आणि मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. लाज कसली त्यात. दुसऱ्याच्या भांडणानं एवढं समाधान मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

त्यानंतर सर कुठे गेले नाहीत. पुढची वर्षं त्यांनी सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत भांडण्यात, पडदे बदलण्यात आणि संध्याकाळी चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या मुलांना फुकट इंग्रजी शिकवण्यात घालवली. पुढच्या सत्काराला त्यांनी नकार कळवला. बरंच काही आठवतं त्या वर्षांतलं. पण सरांचं नाव निघालं की मला त्या दिवसाची संध्याकाळच दिसते.

त्यांची बॅग माझ्या गाडीच्या डिकीतच राहिली होती. दुपार झाली, उन्हं उतरली, तरी न्यायला कुणी आलं नाही. शेवटी मीच वर गेले. भाभींनी दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि चेहरा नव्या नवरीसारखा. मी म्हटलं, "सरांची बॅग आणून देऊ का?"

आत सर बनियनवर, सोफ्यावर पाय पसरून पडले होते. ते उठलेसुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाले, "राहू द्या हो बाई. कुठं जायचंय आता."